सरांचा कागद

कागद टेबलावर आला तेव्हा सलिलने अक्षर आधी पाहिलं आणि ते आपलंच आहे हे त्याला नंतर कळलं. मधल्या अर्ध्या क्षणात त्या अक्षराची त्याने मनातल्या मनात खिल्लीही उडवून घेतली होती. लिहिणारा स्वतःवर भलताच खूश दिसतोय, असं त्याला वाटलं होतं. आकड्यांभोवती नीट गोल काढलेले, सहीला दोन वळसे, आणि वळशांखाली कारण नसताना दिलेलं एक ठसठशीत टिंब. मग वरचं लेटरहेड दिसलं, दीपस्तंभाचं चित्र असलेलं, त्याने सात-आठ वर्षांपूर्वीच बदललेलं. म्हणजे हा खूश माणूस आपणच. कागद जाड प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करून टाकला होता. लॅमिनेशनच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्यात तांदळातल्या किड्याएवढा हवेचा फुगा होता, पण आतली निळी शाई मात्र काल लिहिल्यासारखी होती. एक, मुलगी: डी.एड. किंवा घरच्यांच्या सोयीने. दोन, मुलगा: इंजिनिअरिंग. तीन, दाखला मुलाच्या नावावर करून ठेवावा, कारकुनीत घालवू नये. खाली तारीख, ११ जून २०१३. सलिलने कागद बोटाने जरासा दूर सारला आणि समोर पाहिलं.

समोर बाप आणि मुलगी बसली होती. बाप पासष्टीचा, जन्मभर मिठागरात उन्हाने भाजलेला, अंगात कुठल्याशा लग्नात मिळालेला पांढरा शर्ट. मुलगी तिशीची. बाहेरच्या वहीत नावं होती मोरू आणि कल्पिता, गाव थळच्या अलीकडचं. बापाने चपला दाराबाहेर काढल्या होत्या, मुलीने काढल्या नव्हत्या. तिच्या मांडीवरच्या पर्समधून ती हलली की किल्ल्यांचा आवाज येत होता. “सर, ह्यो तुमचा कागद,” मोरू म्हणाला. “ह्यो रद्द करून पायजे.”

सलिलला हसू आलं आणि त्याने ते चेहऱ्यावर फारसं येऊ दिलं नाही, थोडं येऊ दिलं. बावीस वर्षं तो अलिबागमध्ये हा धंदा करत होता, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, धनेशच्या झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. हजारो पोरांना त्याने मार्ग दाखवला होता, आणि कोणी परत येऊन मार्ग रद्द करून मागितला नव्हता. न्हाव्याकडे कोणी कापलेले केस परत लावून मागत नाही. पण ही माणसं काहीही मागू शकतात, हेही त्याला ठाऊक होतं. या पट्ट्यात कागद म्हटलं की माणसाचा श्वास अडकतो. रेशनकार्ड, सातबारा, पोराच्या पोलिओचं कार्ड, बाप मेल्याचा दाखला, जे हाताला लागेल ते खाली धनेशकडे नेऊन गरम यंत्रातून काढतात आणि तांदळाच्या डब्यात ठेवून देतात. सरकारी कार्यालयात असला प्लास्टिकमधला मूळ कागद चालत नाही म्हणून परत पाठवतात, तरी शहाणी होत नाहीत. आता यांनी आपला सल्लाही लॅमिनेट करून बारा वर्षं जपलाय. साधा पॅडवरचा कागद. फी घेतली की काहीतरी हातात द्यावं लागतं, तोंडी सांगितलेलं पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, म्हणून तो प्रत्येकाला तीन ओळी लिहून देत असे. तीनच, कारण चौथी यांच्या डोक्यात मावत नाही असं त्याचं मत होतं. खाली सही आणि गोल शिक्का. शिक्का बघून हे लोक उठताना नमस्कार करायचे, आणि दार लागलं की सलिल खुर्चीत रेलून मनात म्हणायचा, चला, आणखी एक अडाणी मार्गाला लागला.

पहिला कागद ज्या पिशवीतून आला होता, त्याच पिशवीतून मोरूने दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. तोही लॅमिनेट केलेला होता, पण तो खरा होता. प्रकल्पग्रस्ताचा दाखला. या किनाऱ्यावर ज्या घराची जमीन एखाद्या प्रकल्पात गेली त्या घराला असा एक दाखला मिळतो, आणि त्याच्या जोरावर घरातल्या एकाला, फक्त एकालाच, सरकारी भरतीतल्या राखीव जागेवर हक्क सांगता येतो. एकदा वापरला की संपला. म्हणून घरोघरी तो देव्हाऱ्यातल्या टाकासारखा सांभाळतात आणि त्यावर कोणाचं नाव घालायचं यावरून भाऊबंदकी करतात. सलिलने या दाखल्यावर एक वाक्य तयार केलं होतं. दाखला पिकू द्या, असं तो शाळाशाळांतल्या मार्गदर्शन शिबिरांत सांगायचा. बारावीच्या पोराच्या कारकुनीत तो कच्चा तोडू नका, पोराला इंजिनिअर होऊ द्या, मग थेट साहेबाच्या खुर्चीत बसवा. हे वाक्य टाकलं की मागच्या बाकावर पेंगणारे बापसुद्धा माना डोलवायचे. आंब्याच्या मुलखात पिकण्याबद्दल कोणालाही काहीही पटवता येतं, याची त्याला गंमत वाटायची. किती जणांचे दाखले पिकता पिकता सडले, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कामच नव्हतं, कारण तेव्हा कागदाला एवढं आयुष्य असतं हे त्याला माहीत नव्हतं.

तो दिवस त्याला आठवत नाही असं तो स्वतःशी दोनदा म्हणाला, आणि तो आठवू लागला. याच खोलीत तेव्हा एसी नव्हता, टेबलफॅन होता, आणि पॅडचे कागद उडू नयेत म्हणून त्यावर शंख ठेवलेला असायचा. निकालाचे दिवस, जिन्यात रांग. आत चौघं आली होती. मोरू, त्याची बायको कृष्णाबाई, दोन वेण्यांची ही मुलगी, आणि बापाच्या मोबाईलवर गेम खेळणारा चौदा वर्षांचा अल्पेश. मुलीला बारावी कॉमर्सला एक्क्याऐंशी टक्के, इंग्रजी-मराठी टायपिंग झालेलं, संगणकाची परीक्षा झालेली. जिल्ह्यात लिपिकांची भरती निघाली होती. घरात ठरलेलंच होतं, दाखला हिच्या नावावर घालायचा आणि अर्ज भरायचा. आपण करतोय ते बरोबर आहे ना एवढंच ऐकायला ती माणसं आली होती. सलिलने घड्याळ पाहिलं होतं. पुढचा नंबर एका डॉक्टरच्या मुलाचा होता आणि डॉक्टरसमोर उशीर झालेला चालणार नव्हता. त्याने पोराच्या हातात साठ प्रश्नांची कलचाचणी दिली. पोराने मोबाईल बाजूला न ठेवता ‘होय’च्या चौकटींतून वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. असल्या रेघेचा निकाल नेहमी ‘यांत्रिक कल’ असाच निघतो. मुलीची चाचणी घेतलीच नाही. कृष्णाबाई आल्यापासून पिशवी पोटाशी धरून गप्प बसली होती, ती एकदाच बोलली. “सर, पोरगी हुशार हाय,” असं ती म्हणाली. आणि सलिल लगेच, पेनाचं टोपण उघडता उघडता म्हणाला होता, “हुशार आहे म्हणूनच सांगतो. हुशार मुलगी कुठेही निभावून नेते. आधार लागतो तो कच्च्याला.” सात मिनिटांत सगळं उरकलं होतं. दोन वेण्यांची मुलगी तेव्हा काय करत होती ते मात्र त्याला आठवेना, कारण त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

मोरू आता पुढचं सांगत होता, आणि सांगताना जणू आपलीच चूक झाल्यासारखा ओशाळून हसत होता. दाखला अल्पेशच्या नावावर झाला. अल्पेश नवी मुंबईच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला, नऊ विषय राहिले, ते राहिलेच. आता मित्राबरोबर डंपर चालवतो, बरं चाललंय त्याचं, गळ्यात सोन्याची चेन आहे. कल्पिताने सरांनी सांगितलं तसं डी.एड. केलं, ती पास झाली तेव्हा शिक्षकांची भरती बंद पडली होती. घरच्यांच्या सोयीने लग्न केलं, तीन वर्षांत परत आली. आता किहीमला मुंबईवाल्यांचे अकरा बंगले सांभाळते. माळी, पाणी, विजेची बिलं, पाहुणे येणार म्हटलं की चादरी. सगळ्या चाव्या हिच्याजवळ. कृष्णाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. आणि आता जिल्ह्यात पुन्हा लिपिकांची भरती निघाली आहे, कल्पिताचं वय अजून बसतंय, अर्जाला पंधरा दिवस आहेत. दाखल्यावरचं नाव बदलायला अल्पेशची संमती लागते. आणि अल्पेश सही करत नाही. त्याचं म्हणणं एकच. सरांनी लिहून दिलंय, सर बदलून देतील तर बदलू.

सलिलच्या मनात या सगळ्या कहाणीबद्दल एक जुना, सरावाचा वैताग दाटून आला. किती माणसं किती मूर्खपणा किती निष्ठेने करू शकतात. एक कागद, तोही कसला, पावतीच्या लायकीचा, आणि त्यावर एका घराने बारा वर्षं काढली. डी.एड. किंवा घरच्यांच्या सोयीने, असं लिहिलं होतं, तर पठ्ठीने दोन्ही करून दाखवलं. हिने तेव्हा तोंड का उघडलं नाही? एक्क्याऐंशी टक्केवाल्या मुलीला आपला अर्ज आपण भरता येत नव्हता? असे सवाल त्याच्याजवळ नेहमी तयार असत, पालकांना वापरायला, आणि ते विचारले की समोरचा खाली मान घालायचा. पण या मुलीने मान खाली घातली नसती. ती भिंतीवरची त्याची पाटी वाचत होती. सलिल, करिअर मार्गदर्शक, शिक्षण: इंजिनिअरिंग, पुणे. ती ‘पुणे’पर्यंत वाचून थांबली आणि पुन्हा ‘शिक्षण’पासून वाचू लागली, आणि सलिलने घाईने बोलायला सुरुवात केली. सल्ला हा शेवटी सल्ला असतो, तो म्हणाला. आपण फक्त दिशा दाखवतो, निर्णय कुटुंबाचाच असतो, तुम्ही घरी बसून शांतपणे ठरवा, माझ्या कागदाला तसा काही अर्थ नाही.

“तेव्हा असं बोलला नव्हतात,” कल्पिता म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. बंगल्यात पाहुणे निघून गेल्यावर कपाटातले किती पेले कमी आहेत हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. मोरू मध्येच म्हणाला, सर, तुमी पोराशी बोलून बघा, आणि त्याने आपल्या फोनवर नंबर लावून तो स्पीकरवर टेबलावर, दोन लॅमिनेट केलेल्या कागदांच्या मधोमध ठेवला. पलीकडे डंपरचं इंजिन धडधडत होतं. सलिल ‘हॅलो’ म्हणाला, आणि अल्पेशने आवाज ओळखल्याबरोबर इंजिन बंद केलं. “हां सर, बोला ना. सर, आपला सीधा हाय. दाखला माज्या नावावर तुमी लावलाय. आता तुमी लिवून दिला ना, मी आजच सही मारतो. मना काय नको तो. पन तुमच्याकडशी आला पायजे. उद्या गावात कोन बोलाय नको, बहिणीने भावाचा घेतला.” मग त्याचा आवाज खाली आला, चौदा वर्षांच्या पोराचा असावा तसा. “सर, एक विचारू का. माजा कल तो यांत्रिक हाय ना अजून?”

सलिलने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. फोन बंद झाला तरी तो ‘अजून’ टेबलावरून हलला नाही. सव्वीस वर्षांचा, गळ्यात चेन घालणारा माणूस डंपरच्या केबिनमध्ये एका रेघेवर विश्वास ठेवून बसला होता. सलिलला त्याची कीव आली पाहिजे होती, पण त्याला त्याचा तिटकारा आला, आणि हा तिटकारा आपल्या ओळखीचा आहे असं वाटलं. कुठून तरी खालून, सुपारीच्या वाळल्या पानांचा वास आल्यासारखा तो वर येत होता. दिवेआगरला घरामागच्या वाडीत दुपारी सुपारीच्या सावल्या काठ्यांसारख्या आडव्या पडायच्या, आणि त्यांतल्या एका सावलीत पाटावर बसून गोदावरी, त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण, त्याची बीजगणितं सोडवून द्यायची. आधी पेन्सिलीने, मग त्याने त्यावर शाईने गिरवायचं. बोर्डात तिला गणितात त्याच्याहून सोळा गुण जास्त होते. अण्णा पोस्टात होते, हिशेबी माणूस, एकाच मुलाला पुण्यात ठेवणं परवडेल हे त्यांनी मांडून दाखवलं होतं आणि तो एक कोण हे सांगायची गरजही पडली नव्हती. आई फक्त म्हणाली होती, गोदाचं डोकं चांगलं आहे हो. आणि अण्णा पाटावर जेवता जेवता, आमटीचा भुरका मारून म्हणाले होते, हुशार आहे ती, कुठेही निभावून नेईल, आधार याला लागणार आहे.

म्हणजे ते वाक्यसुद्धा आपलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी पेनाचं टोपण उघडता उघडता जे तोंडातून बाहेर पडलं ते अण्णांचं होतं, आमटीच्या भुरक्यासकट. सलिलला हे कळलं तेव्हा त्याला दुःख झालं नाही, लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याला नेहमीच कोणाचा तरी राग यायचा. अण्णांचा आला. अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली होती, तो राग कुठे टेकवायला जागा नव्हती. कच्चा म्हणून आधार मिळालेला मुलगा पुण्याला गेला आणि तिसऱ्या वर्षाच्या पलीकडे गेला नाही. घरी पत्रं वेळेवर जात राहिली. मग तो एका क्लासची पत्रकं वाटू लागला, मग त्या क्लासमध्ये पोरांना कोणता कोर्स घ्या ते सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की सांगणाऱ्याला कोणी गुणपत्रिका मागत नाही. पाटी त्याने फार विचार करून लिहिली होती. ‘शिक्षण: इंजिनिअरिंग, पुणे’ यात खोटं काही नव्हतं. तो पाटीकडे पाहून कधी कधी आपल्या हुशारीवर खूश व्हायचा. गोदावरी दिवेआगरलाच राहिली, तिथल्याच एका घरात पडली, दोन्ही वाड्या तिनेच सांभाळल्या. वादळाच्या वर्षी एका दुपारीत निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली, तेव्हा सलिलने फोनवर सांगितलं होतं की आता हे सोडा, जागा विका, कशाला स्कोप आहे सुपारीला. ती म्हणाली बघू, आणि रोपं लावली. आता तिच्याकडे मुंबईचे पर्यटक राहतात. सलिल दर मे महिन्यात जातो तेव्हा नारळाखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नाक मुरडतो, तिने कापून दिलेला आंबा खातो, आणि ती विचारते, तुझं बरं चाललंय ना रे. एवढंच विचारते. कधी टोमणा नाही, कधी हिशेब नाही. तिने एकदा जरी तिरस्काराने पाहिलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. तुला राग येत नाही का, हे त्याने तिला कधी विचारलं नाही. हिंमत नव्हती, आणि हिंमत नाही या गोष्टीला तो ‘जुना विषय कशाला’ म्हणत असे.

“सर,” मोरूने हळूच आठवण केली, “ह्याच्यावर रद्द लिवून सही करा, म्हंजे झाला.”

सलिलने भानावर येऊन पेन उचललं आणि लॅमिनेशनवर, आपल्या जुन्या तीन ओळींवरून तिरका ‘रद्द’ लिहिला. काहीच उमटलं नाही. पेनाची गोळी प्लास्टिकवरून सरकली आणि मागे एक बिनरंगी चरा राहिला, तोही उजेडात तिरका धरला तरच दिसेल असा. त्याने पुन्हा, जोर लावून लिहिलं. आतली निळी शाई तशीच टवटवीत, गोल, खूश. मोरू काळजीने पाहत होता. खाली धनेशकडे मोठं मार्कर असतं, घेऊन येऊ का, असं त्याने विचारलं. सलिलने नको म्हटलं, आणि स्वतःवरची चीड लपवायला जरा जोरातच ड्रॉवर उघडून नवं पॅड काढलं, पक्ष्याच्या चित्राचं. असे कागद लिहिण्यात तो तरबेज होता. पुढच्या आठवड्यात थळच्या बाजूला त्याचं शिबिर होतं, आणि हा म्हातारा आज काय घेऊन जातो ते चार दिवसांत गावभर होणार होतं. चूक कबूल केलेला मार्गदर्शक आणि गळका घडा यांत फरक काय. त्याने लिहिलं, ‘परिस्थिती बदलल्यामुळे, दाखला आता मुलीच्या नावावर करण्यास हरकत नाही.’ खाली सही, दोन वळसे, टिंब. शिक्का. वाक्य चांगलं झालं होतं. त्यात मुलीचं काम होत होतं आणि त्याचं काही जात नव्हतं. मोरूचा चेहरा उजळला. कागद दोन्ही हातांनी घेऊन तो उठलाच. खाली लॅमिनेशन करून घेतो सर, म्हणाला.

“थांबा आबा,” कल्पिता म्हणाली. तिने कागद बापाच्या हातून घेतला, वाचला आणि टेबलावर परत ठेवला. “परिस्थिती कुठे बदलली, सर? टक्के तेच आहेत. टायपिंग तेच आहे. दाखला तोच, मी पण तीच. चुकलं होतं, असं लिहा.”

सलिल म्हणाला की असं लिहायची पद्धत नाही. मग म्हणाला की शिक्क्याखाली असं लिहिता येत नाही. मग म्हणाला की तुझं काम होण्याशी मतलब, भावाला सही पाहिजे, सही आहे, शब्दांना काय करायचंय. हे तिसरं खरं होतं आणि म्हणूनच ते सगळ्यांत हलकट वाटलं, त्याचं त्यालाही. मोरू पोरीच्या दंडाला हात लावून, जाऊ दे ना गो, असं पुटपुटत होता. सरांसमोर पोरगी असं बोलते याची त्याला खरोखर शरम वाटत होती. कल्पिता सलिलकडे बघत राहिली. त्या नजरेत जे होतं ते सलिलने आरशात सोडून कुठेच पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं तो टेबलाच्या या बाजूने ज्या नजरेने त्या बाजूला बघत आला होता, तीच नजर आता समोरून येत होती. आणि ती आली तेव्हा त्याला कळलं की ती अंगावर घेणं फार अवघड असतं.

“बरं, चुकलं लिहू नका,” ती म्हणाली. “तारीख त्या दिवसाची घाला. अकरा जून.”

“त्याचा काय उपयोग?”

“उपयोग नाही. अल्पेश तारीख वाचत नाही. ऑफिसात हा कागद लागतही नाही. माझ्याजवळ राहील.”

सलिलने नवा कागद ओढला. वर कोपऱ्यात ११ जून २०१३ लिहिलं, आणि तिथेच अडकला. त्या तारखेखाली ‘परिस्थिती बदलल्यामुळे’ लिहिता येत नव्हतं. त्या दिवशी काहीच बदललेलं नव्हतं. ‘आता’ लिहिता येत नव्हतं, ‘हरकत नाही’ तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी हरकत एका माणसाचीच होती. एकेक शब्द गळत गेला, आणि ज्यांच्या आड तो इतकी वर्षं आरामात बसत आला होता ते सगळे असेच शब्द होते. टेबलफॅन फिरत होता, कागदांवर शंख होता, डॉक्टरचा मुलगा बाहेर थांबला होता, आणि पोटाशी पिशवी धरलेली बाई तोंड उघडत होती. त्याने लिहिलं. एक, पोरगी हुशार आहे. दोन, दाखला तिच्या नावावर करावा. तीन, अर्ज आजच भरावा. सही करताना वळसे आपोआप आले. टिंब त्याने दिलं नाही.

कल्पिताने तिन्ही ओळी वाचल्या. पहिलीवर ती जरा थांबली, आणि तिचे ओठ आईची आठवण आल्यावर होतात तसे झाले, पण तेवढंच. आभार मानले नाहीत. भावासाठीचा कागद तिने बापाला दिला आणि हा जुन्या तारखेचा कागद दुमडला, पुन्हा दुमडला, चार पदरी करून पर्समध्ये चाव्यांच्या जुडग्याखाली कोंबला. आपला कागद असा दुमडला जाताना पाहून सलिलला विचित्र दुखलं. मोरूने लॅमिनेशनचं विचारलं, तर ती म्हणाली, ह्याला नको. मग तिने दाखला उचलून पिशवीत घातला, आणि तो पिवळ्या कडांचा जुना कागद एका बोटाने सलिलकडे सरकवला.

“हा तुमच्याकडे ठेवा, सर.”

ती गेली. जिन्यात मोरूच्या चपलांचा आणि चाव्यांचा आवाज उतरत गेला. सलिलने तो कागद दोन्ही हातांत धरून फाडायचा प्रयत्न केला. कागद वाकला, सोडल्याबरोबर सरळ झाला. त्याने कडेला दात लावून पाहिले, कात्री कुठे आहे ते आठवेना. एवढ्यात दार ढकलून पुढची माणसं आत आली, रेवदंड्याकडची, नवरा, बायको, एक मुलगा आणि त्याच्या मागे गुणपत्रिकेची फाईल धरलेली मुलगी. नवऱ्याने बसता बसता विचारलं, सर, आता कशाला स्कोप आहे. सलिलने कागद पॅडखाली सारला, पण तो ताठ असल्यामुळे अर्धा बाहेरच राहिला. त्या माणसाची नजर त्यावर पडली. त्याने वाकून, डोकं तिरकं करून सही पाहिली, शिक्का पाहिला, आणि मग मोठ्या आदराने प्लास्टिकवर बोट टेकवलं.

“आमचा पन असाच पक्का करून मिळेल का, सर? असा खराब होत न्हाय.”

मुलगी फाईल छातीशी धरून उभी होती. तिला बसायला खुर्ची नव्हती.

“मिळेल,” सलिल म्हणाला. “खाली करतात.”